नव्या कॉमिक्समधील सट्टात्मक गुंतवणूक

नव्या कॉमिक्समधील सट्टात्मक गुंतवणूक म्हणजे नुकतेच प्रसिद्ध झालेले कॉमिक (चित्रकथेचे पुस्तक) वाचनासाठी नव्हे, तर पुढे त्याची किंमत वाढेल या अपेक्षेने छापील किमतीला विकत घेणे आणि विक्रीची वेळ येईपर्यंत जपून ठेवणे होय. असा व्यवहार प्रामुख्याने अमेरिकेत रूढ झाला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३पर्यंत तेथे त्याची मोठी तेजी आली आणि त्यानंतर बाजार कोसळला. भारतात जुन्या कॉमिक्सचा संग्रह करणारे वाचक पूर्वीपासून आहेत. महाराष्ट्रात 'इंद्रजाल कॉमिक्स' आणि 'अमर चित्र कथा' या मालिकांच्या जुन्या अंकांना विशेष मागणी असते. विशेष आवृत्त्या, पर्यायी मुखपृष्ठे आणि कॉमिक्सचे मेळावे यांमुळे नवे अंक गुंतवणूक म्हणून घेण्याची कल्पना अलीकडे भारतीय वाचकांपर्यंतही पोहोचली आहे.

व्याख्या आणि व्याप्ती

कॉमिक्स विकत घेऊन ठेवणाऱ्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. वाचक कथेसाठी अंक घेतो. संग्राहक एखादी मालिका, चित्रकार किंवा कालखंड पूर्ण करण्यासाठी अंक घेतो; किंमत वाढल्यास त्याला आनंद होतो, पण तो त्याचा मूळ हेतू नसतो. सट्टेवाला केवळ पुनर्विक्रीच्या नफ्यासाठी अंक घेतो आणि पुष्कळदा एकाच अंकाच्या अनेक प्रती घेतो. प्रत्यक्षात एकाच व्यक्तीत हे तिन्ही हेतू कमीअधिक प्रमाणात आढळतात.

शेअर, कर्जरोखे किंवा भाड्याने दिलेले घर यांपासून मालकाला लाभांश, व्याज किंवा भाडे मिळते. कॉमिकपासून असे कोणतेही नियमित उत्पन्न मिळत नाही. ते सांभाळण्यासाठी खर्च मात्र येतो. त्यामुळे नफा होण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पुढे कोणीतरी अधिक किंमत देणे. या कारणाने अशा खरेदीला गुंतवणुकीपेक्षा सट्टा म्हणणे अधिक योग्य मानले जाते.

जुन्या कॉमिक्सना किंमत येण्याची कारणे

या व्यवहारामागील आशेचे मूळ जुन्या अंकांना मिळालेल्या किमतींत आहे. 'ॲक्शन कॉमिक्स' या अमेरिकी मासिकाचा पहिला अंक जून १९३८ या तारखेने निघाला. त्याची छापील किंमत १० सेंट होती आणि त्यात सुपरमॅन हे पात्र प्रथमच अवतरले. या अंकाची एक उत्तम स्थितीतील प्रत २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरना विकली गेली.

मात्र ही किंमत केवळ वयामुळे आलेली नाही. त्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्या होत्या आणि आज जेमतेम शंभर प्रती शिल्लक असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्या काळी कॉमिक ही मुलांनी वाचून टाकून द्यायची वस्तू होती. मुलांनी अंक दुमडले, एकमेकांना दिले, त्यांतील चित्रे कापली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, तेव्हा असंख्य अंक लगद्यात गेले. म्हणजे मागणी नंतर वाढली आणि पुरवठा त्याआधीच नष्ट झाला होता. १९३८ साली हा अंक कोणीही गुंतवणूक म्हणून जपला नव्हता आणि नेमक्या याच कारणाने तो पुढे दुर्मीळ झाला.

नव्या कॉमिक्सच्या सट्ट्यातील मूळ विसंगती येथेच आहे. जो अंक सर्वांनाच मौल्यवान होईल असे वाटते, तो सर्वजण जपून ठेवतात. जो सर्वांनी जपला, तो दुर्मीळ होत नाही.

अमेरिकेतील तेजी आणि घसरण

जुन्या कॉमिक्सचा बाजार संघटित होण्यास १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी प्रसिद्ध केलेल्या दरपुस्तिकेची मोठी मदत झाली. कोणत्या अंकाला कोणत्या स्थितीत किती किंमत मिळते, याची यादी प्रथमच सर्वसामान्य वाचकांच्या हाती आली. त्याच दशकात फिल स्यूलिंग यांच्या पुढाकाराने कॉमिक्सच्या विक्रीची नवी पद्धत सुरू झाली. पूर्वी वृत्तपत्र विक्रेते न खपलेले अंक परत पाठवीत असत. नव्या पद्धतीत केवळ कॉमिक्स विकणाऱ्या दुकानांना अधिक सवलत मिळू लागली, पण परतीची सोय नव्हती. न खपलेले अंक दुकानातच राहू लागले आणि जुने अंक विकणे हा या दुकानांच्या व्यवसायाचा भाग बनला.

१९८४ साली केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी स्वखर्चाने 'टीनेज म्युटंट निंजा टर्टल्स'चा पहिला अंक काढला. त्याच्या सुमारे तीन हजार प्रतीच छापल्या होत्या. तो अनपेक्षितपणे लोकप्रिय झाला आणि त्याची किंमत झपाट्याने चढली. त्यानंतर अनेक लहान प्रकाशकांनी तशाच कृष्णधवल कॉमिक्सचा पूर आणला आणि पुढचा असा अंक आपल्याकडे असावा म्हणून लोकांनी ती गठ्ठ्याने घेतली. १९८७च्या सुमारास ही छोटी तेजी ओसरली.

यापेक्षा मोठी तेजी १९९०नंतर आली. मार्व्हल कंपनीच्या 'एक्स-फोर्स' मालिकेचा पहिला अंक (१९९१) वेगवेगळ्या संग्रहपत्रांसह बंद पिशवीतून विकला गेला. सर्व पत्रे हवी असतील तर पाच प्रती घ्याव्या लागत. त्याच वर्षी 'एक्स-मेन' या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच प्रकारच्या मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या सुमारे ८० लाख प्रती दुकानांना विकल्या गेल्या. नोव्हेंबर १९९२मध्ये डीसी कंपनीने सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक ('सुपरमॅन' क्रमांक ७५) प्रसिद्ध केला. काळ्या पिशवीत बंद केलेली त्याची आवृत्ती घेण्यासाठी दुकानांबाहेर रांगा लागल्या. वृत्तपत्रांनी ही घटना ठळकपणे छापल्यामुळे एरवी कॉमिक्स न वाचणाऱ्यांनीही प्रती घेतल्या. सुपरमॅन पुढच्याच वर्षी परतला. त्या अंकाच्या लाखो प्रती आजही न फोडलेल्या पिशव्यांत आहेत आणि त्या किरकोळ किमतीला मिळतात.

१९९३ साली खरेदीदारांना आपल्याजवळचा साठा विकत घेण्यास कोणी तयार नाही, हे लक्षात येऊ लागले. सट्टेवाले बाजारातून बाहेर पडताच खरा वाचकवर्ग किती लहान आहे, हे उघड झाले. परतीची सोय नसल्याने तोट्याचा भार दुकानदारांवर पडला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो दुकाने बंद झाली. डिसेंबर १९९६मध्ये मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीतील संरक्षणासाठी न्यायालयात अर्ज केला. कंपनीवरील कर्ज आणि तिने विकत घेतलेले इतर व्यवसाय ही त्याची महत्त्वाची कारणे असली, तरी कॉमिक्सच्या बाजारातील घसरणीचाही त्यात मोठा वाटा होता.

महाराष्ट्रातील कॉमिक्स आणि त्यांचे संग्राहक

महाराष्ट्रातील चित्रकथांच्या संग्रहात 'इंद्रजाल कॉमिक्स'चे स्थान मोठे आहे. मुंबईच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने ही मालिका मार्च १९६४मध्ये सुरू केली. ली फॉक यांनी निर्माण केलेले वेताळ आणि जादूगार मँड्रेक हे तिचे मुख्य नायक होते. १९७६ साली आबिद सुरती यांनी निर्माण केलेला 'बहादूर' हा भारतीय नायक तीत दाखल झाला. इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीतही निघणारी ही मालिका १९९० साली बंद पडली.

'अमर चित्र कथा' ही मालिका अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ साली मुंबईच्या इंडिया बुक हाउसतर्फे सुरू झाली. राम वाईरकर आणि प्रताप मुळीक हे तिचे प्रमुख चित्रकार होते. मुळीक यांनी पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्सच्या 'नागराज' या नायकाच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रेही काढली.

या दोन मालिकांची तुलना किमतीच्या दृष्टीने उद्बोधक आहे. 'इंद्रजाल'चे अंक नियतकालिकासारखे निघत आणि पुढचा अंक आला की मागचा बाजारातून जाई. 'अमर चित्र कथा'ची लोकप्रिय पुस्तके मात्र वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापली गेली. 'कृष्ण' हे मूळ मालिकेतील अकराव्या क्रमांकाचे पुस्तक नंतरच्या आवृत्त्यांत ५०१ क्रमांकाने निघते आणि आजही नवे मिळते. त्यामुळे केवळ जुने दिसते म्हणून त्याच्या प्रतीला दुर्मीळ म्हणता येत नाही. संग्राहक मूळ क्रमांक, छापील किंमत, मागील पृष्ठावरील जाहिराती आणि प्रकाशकाचे नाव पाहून आवृत्ती ओळखतात.

रद्दी आणि दुर्मीळता

अमेरिकेत युद्धकाळातील कागद मोहिमांनी जे केले, ते महाराष्ट्रात रद्दीच्या दुकानांनी केले. परीक्षा संपल्यावर किंवा दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत जुनी वृत्तपत्रे, वह्या आणि मासिके यांबरोबर मुलांची कॉमिक्सही किलोच्या भावाने तराजूत पडत. शहरांत आणि तालुक्याच्या गावी कॉमिक्स दिवसाच्या भाड्याने देणारी दुकाने होती. एकच अंक तेथे शेकडो हातांतून जाई. मुखपृष्ठावर दुकानाचा शिक्का, सुटलेल्या पानांना घातलेली दोऱ्याची शिवण आणि पेनाने लिहिलेले नाव ही अशा प्रतींची ओळख होय.

याच मार्गाने बहुतेक प्रती नष्ट झाल्या आणि काही वाचल्याही. मुंबईतील फोर्ट भागातले पदपथांवरील पुस्तकविक्रेते आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील जुन्या पुस्तकांचे विक्रेते यांच्याकडे येणारा माल मुख्यतः रद्दीतून निवडलेला असे. मराठी 'इंद्रजाल'चे चांगल्या स्थितीतील अंक आज सहजी मिळत नाहीत, याचे कारण ते कोणी साठवले हे नसून ते मनापासून वाचले गेले, हे आहे. जी पिढी ते वाचून मोठी झाली, तिच्या हाती आता पैसा आहे आणि बालपणीचा अंक पुन्हा हवा आहे. या मागणीत आठवणीचा वाटा मोठा असल्याने ती कायम राहील असे गृहीत धरता येत नाही. ज्यांनी वेताळ वाचलाच नाही, त्या पुढच्या पिढीला त्याचे तेवढे मोल वाटेलच असे नाही.

किंमत ठरविणारे घटक

कॉमिकची पुनर्विक्रीची किंमत साधारणपणे पुढील गोष्टींवर अवलंबून असते.

शिल्लक प्रती : छापलेल्या प्रतींपेक्षा चांगल्या स्थितीत उरलेल्या प्रतींची संख्या महत्त्वाची असते.

आशयाचे महत्त्व : एखाद्या पात्राचा पहिला प्रवेश, मालिकेचा आरंभ किंवा नामवंत चित्रकाराचे सुरुवातीचे काम असलेला अंक अधिक मागितला जातो. चित्रपट किंवा दूरदर्शन मालिकेमुळे ही मागणी अचानक वाढते. 'द वॉकिंग डेड'चा २००३ सालचा पहिला अंक सुमारे सात हजार प्रतींचा होता. २०१० साली त्यावरील दूरदर्शन मालिका आल्यानंतर त्याची किंमत अनेक पटींनी वाढली.

स्थिती : दुमड, डाग, गंजलेल्या पिना, फाटलेला कणा किंवा गहाळ पान यांमुळे किंमत मोठ्या प्रमाणात घटते.

पुनर्मुद्रण : जुना मजकूर नव्याने छापला गेला की वाचनासाठी घेणारा ग्राहक नव्या प्रतीकडे वळतो. मूळ प्रतीला तेव्हा केवळ संग्राहकांची मागणी उरते.

पर्यायी मुखपृष्ठे आणि 'मर्यादित आवृत्ती' असा शिक्का यांमुळे येणारी दुर्मीळता ही प्रकाशकाने ठरवलेली असते. एका कथेची अनेक मुखपृष्ठे काढणे त्याच्याच हाती असल्याने अशा दुर्मीळतेला नैसर्गिक मर्यादा नसते.

प्रतवारी

२००० साली अमेरिकेत सीजीसी ही कॉमिक्सची प्रतवारी करणारी कंपनी सुरू झाली. ती प्रत तपासून कमाल १० गुणांच्या श्रेणीत तिची स्थिती ठरवते आणि प्रत पारदर्शक, कडक आवरणात बंद करून देते. यामुळे न पाहता खरेदी करणाऱ्याला काही भरवसा मिळतो. मात्र बंद केलेली प्रत आवरण फोडल्याशिवाय वाचता येत नाही. शिवाय भारतातून प्रत पाठवायची तर प्रतवारीचे शुल्क, टपाल आणि विमा यांचा खर्च येतो. काही शे रुपयांच्या अंकासाठी तो परवडत नाही.

जतन

कॉमिक्ससाठी वापरला जाणारा वृत्तपत्री कागद आम्लयुक्त असतो. हवा, प्रकाश आणि उष्णता यांमुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. कोकणात पावसाळी दमटपणामुळे बुरशी येते आणि पिना गंजतात. मराठवाड्यात उन्हाळ्याचे ४० अंशांवरचे तापमान आणि धूळ यांमुळे कागद लवकर जीर्ण होतो. कसर आणि वाळवी यांचा धोका सर्वत्र असतो. आम्लरहित पुठ्ठ्याचा आधार देऊन पॉलिएस्टरच्या पिशवीत अंक ठेवणे, पेटी जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवणे व ती मधूनमधून उघडून पाहणे, असे उपाय केले जातात. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत अंक वर्षानुवर्षे ठेवल्यास पिशवीच कागदाला अपाय करू शकते. चिकटपट्टीने केलेल्या दुरुस्तीमुळेही कायमचे डाग पडतात.

परताव्याचा हिशेब

खरेदीदार पुष्कळदा खरेदीची आणि विक्रीची किंमत एवढ्याच दोन आकड्यांची तुलना करतात. पैसा दुसरीकडे ठेवला असता तर किती झाला असता, हे त्यात धरले जात नाही. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

एखाद्याने प्रत्येकी ३०० रुपये दराने १०० नवे अंक घेतले, तर त्याचे ३०,००० रुपये गुंतले. हीच रक्कम दरवर्षी ७ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवली असती, तर २० वर्षांनी ती सुमारे १,१६,००० रुपये झाली असती. म्हणजे केवळ बरोबरी साधण्यासाठी प्रत्येक अंक सरासरी १,१६० रुपयांना विकला गेला पाहिजे. त्या १०० अंकांपैकी ९५ अंक रद्दीच्या भावाने गेले आणि पाचच अंकांना मागणी आली, तर त्या पाचांना प्रत्येकी २३,००० रुपयांहून अधिक किंमत मिळावी लागेल. पिशव्या, पुठ्ठे, पेट्या, टपालखर्च आणि विक्रीवरील दलाली यांचा खर्च यात धरलेला नाही.

दुसरी अडचण रोखतेची आहे. बँकेतील ठेव मुदतीआधी मोडता येते आणि सोने तालुक्याच्या गावीही विकता येते. कॉमिकला मात्र तोच अंक हवा असलेला ग्राहक शोधावा लागतो. दवाखान्याचा किंवा शिक्षणाचा खर्च अचानक उद्भवल्यास असा साठा उपयोगी पडेलच असे नाही.

ग्रामीण भागातील खरेदीदार

कॉमिक्सच्या वितरणात रेल्वे स्थानकांवरील पुस्तकांच्या दुकानांना मोठे महत्त्व होते. बीड जिल्ह्याचा बहुतांश भाग परळीचा परिसर वगळता दीर्घकाळ रेल्वेपासून दूर राहिला. त्यामुळे गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावाला चित्रकथा मिळण्याचे मार्ग म्हणजे बसस्थानकावरील दुकाने, आठवडी बाजार, शाळेचे ग्रंथालय आणि शहरातून येणारे नातेवाईक एवढेच असू शकत. आता भ्रमणध्वनीमुळे अशा गावातील वाचकही मुंबई किंवा दिल्लीच्या विक्रेत्याकडून अंक मागवू शकतो आणि आपल्या घरच्या पेटीतील जुने अंक दूरच्या संग्राहकाला दाखवू शकतो.

ही सोय असली तरी दूरच्या खरेदीदाराचे धोकेही अधिक असतात. प्रत हाती घेऊन पाहता येत नाही. छायाचित्र दुसऱ्याच प्रतीचे असू शकते, रंगीत छायाप्रत मूळ मुखपृष्ठ म्हणून लावलेली असू शकते, किंवा पुनर्मुद्रणाला पहिली आवृत्ती म्हटलेले असू शकते. प्रकाशनाची माहिती असलेल्या पानाचे, मधल्या पानांचे आणि कण्याचे स्वतंत्र छायाचित्र मागणे, तसेच आगाऊ पूर्ण रक्कम न देणे, ही खबरदारी अनुभवी संग्राहक घेतात. घरातील जुने अंक विकणाऱ्यानेही ते रद्दीत घालण्यापूर्वी किंवा पहिल्याच ग्राहकाला गठ्ठ्याने देण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी चौकशी करणे हिताचे असते.

कायदेशीर बाजू

कॉमिक विकत घेणे हा साध्या वस्तूचा खरेदी-व्यवहार असून तो शेअर किंवा म्युच्युअल फंडाप्रमाणे 'सेबी'च्या देखरेखीखाली येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील 'ग्राहक' या व्याख्येतून पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने वस्तू घेणारी व्यक्ती वगळली आहे. त्यामुळे स्वतःच्या वाचनासाठी अंक घेणाऱ्याला फसवणूक झाल्यास ग्राहक आयोगाकडे जाता येते, पण नफ्यासाठी गठ्ठ्याने अंक घेणाऱ्याच्या बाबतीत तो ग्राहक आहे का, हाच प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

टीका आणि समर्थन

सट्ट्याच्या समर्थकांच्या मते, किमतीच्या आशेमुळेच अनेक अंक जपले जातात, दुकानांना ग्राहक मिळतात आणि नव्या चित्रकारांना काम मिळते. छोट्या आवृत्तीचे, फारसे कोणाचे लक्ष नसलेले अंक आवडीने घेणाऱ्यांना क्वचित मोठा लाभही झाला आहे. 'निंजा टर्टल्स' आणि 'द वॉकिंग डेड' ही त्याची ठळक उदाहरणे होत. मात्र हे दोन्ही अंक निघाले तेव्हा त्यांचा गाजावाजा नव्हता.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा की, सट्ट्याची मागणी ही वाचकाची मागणी नसते. ती प्रकाशकाला खोटा अंदाज देते, चांगल्या कथेऐवजी चमकदार मुखपृष्ठाला महत्त्व आणते आणि ओसरली की खऱ्या वाचकाचे दुकानही बंद पाडते. मुलांच्या बाबतीत हा आक्षेप अधिक गंभीर ठरतो. विकत आणलेले कॉमिक किंमत कमी होईल म्हणून मुलाला उघडू न देणे, हे त्या पुस्तकाच्या मूळ प्रयोजनाच्या विरुद्ध आहे.

जुन्या बालसाहित्याची वाचनाची गरज आणि संग्राह्य वस्तू म्हणून असलेले त्याचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे 'किशोर' मासिकाच्या उदाहरणावरून दिसते. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक संगणकीय स्वरूपात विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आले आहेत. त्यामुळे मूळ छापील अंक जवळ नसलेल्या वाचकालाही ते वाचता येतात आणि ज्याला कागदाची प्रतच हवी आहे, तो संग्राहक ती शोधत राहतो.